कडेने दिसणारा रंग

९ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर आपण दोघी "जेवलीस का" आणि "झोप लागते का" यापलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र. शिवाय फोनमधून कापड पाठवता येत नाही.

लग्न जवळ येतंय आणि माझ्या लेहंग्याचं अजून काही ठरलेलं नाही. गेले कित्येक रविवार दुकानं पालथी घालतेय. काचेमागच्या पुतळ्यांच्या अंगावर सगळं छान दिसतं, कारण पुतळ्यांना चालायचं नसतं. मी एक घालून पाहिला तर कुणाच्या तरी पडद्याआडून डोकावतेय असं वाटलं. सगळ्यांवर तीच नक्षी, तेच मोर, आणि सगळे मोर एकाच दिशेला बघणारे. विक्रेती म्हणाली, "पूर्ण हातकाम आहे मॅडम." मी आतून उलटवून पाहिलं तर मशीनवर भरताना मागे लावतात तो कागद तसाच चिकटलेला. दिवसभर दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या घडवणारी बाई मी. साच्यातून काय निघालंय एवढं तरी मला कळतं.

शेवटी आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक पत्ता दिला. लाकडाच्या वखारीच्या वरचा मजला. जिन्यात भुशाचा वास, आणि वर पोचलं की सगळा आवाज खाली राहून जातो. लांबट खोली, उंच खिडक्या, मधोमध पलंगाएवढ्या लाकडी चौकटी. त्यांवर कापड ताणलेलं आणि चारी बाजूंनी माणसं मान खाली घालून बसलेली. कुणी पान भरतंय, समोरचा त्याच पानाचा देठ. सुई खाली गेली की ताणलेल्या कापडातून बारीक टप्प असा आवाज येतो, छपरावर चिमण्या चालल्यासारखा. मी खुर्चीवर टेकले आणि खरं सांगते, मला तिथेच डुलकी लागली. स्वप्नात मी लेहंगा घालून उथळ पाण्यातून चालले होते. घेर कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. जागी झाले तर मालक चहा घेऊन समोर उभे. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. म्हणाले, "झोपा, झोपा. बाकीच्या नवऱ्या इथे भांडायला येतात."

त्यांनी दिलेले नमुन्याचे तीन तुकडे सोबत आहेत. मागे मी आकडे टाकलेत. नक्षी कुठली आणि रंग कुठला, दोन्ही तू ठरवायचं. आईबाबा गेल्यावर तू मला घरी आणलंस तेव्हापासून शाळेच्या पिशवीपासून पडद्यांपर्यंत सगळे रंग तूच निवडलेस. भूमापन कचेरीत नकाशावरच्या नद्यांना कुठला निळा लावायचा यावरून साहेबाशी भांडलेली बाई तू. तुला सोडून रंग कुणाला विचारू?

तुझे होणारे जावई, आमचे पूलवाले, नमस्कार सांगतायत. लग्नानंतर लगेच निघायचं पक्कं झालंय. समुद्रापलीकडचं काम आहे, पूल पुरा होईपर्यंत मुक्काम तिथेच.

तुझी,
ठकू


२१ जानेवारी

प्रिय ठकू,

तुकडे मिळाले. दुपारभर ते घेऊन बसले होते.

पहिल्यावरच्या टिकल्या एकमेकींच्या अंगावर चढल्यात. बसलीस की टोचतील. तिसऱ्याची जरीची तार सैल आहे. एकदा बांगडीत अडकली की उसवत जाईल आणि तू हॉलभर सोनेरी शेपूट घेऊन फिरशील. दुसरा घे. त्यावरची वेल फार समजूतदार माणसाने भरली आहे. पान संपत आलं की टाके जवळ जवळ येत थांबतात, डोंगराचा उतार पायथ्याला टेकावा तसे. उलट्या बाजूला गाठी आहेत पण बोचत नाहीत. ज्याने भरलंय त्याला कुठे जायची घाई नव्हती.

रंगही दुसऱ्याचाच बरा आहे. तोच घे.

इकडे यायची धावपळ करू नकोस. घराला रंग काढलाय, सगळं सामान मधोमध आहे. तुला शिंका येतील.

पूलवाल्यांना आशीर्वाद.

आत्या


३० जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी परत परत दुसरा तुकडा बघितला. आत्या, तो मातकट आहे. पूर ओसरल्यावर जो चिखल राहतो तो रंग. हे शब्दही तुझेच, मी त्या रंगाचा स्वेटर आणला होता तेव्हाचे. तो स्वेटर तू मला एकदाही घालू दिला नव्हतास. उस्तादांनी सुद्धा सांगितलं होतं की तो फक्त टाका दाखवायला दिलाय, त्या रंगात लेहंगा करायला कुणी वेडं नाही.

म्हणजे तू नीट बघितलंच नाहीस. वरवर हात फिरवलास, काहीतरी लिहिलंस आणि विषय संपवलास. एरवी माझ्या केसांची रिबीनसुद्धा तू डोळ्यात तेल घालून निवडायचीस.

मला सरळ सांग. तुला हे लग्न पसंत नाही का? की मी इतकी लांब चाललेय याचा राग आलाय? राग असेल तर मला तो चालेल. आपण भांडू, रडू, मग चहा करू. पण मला घरी येऊ नकोस म्हणू नकोस. घराला रंग तू या जन्मात कधी मला न सांगता काढलेला नाहीस.

ठकू


८ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

राग नाही. मुलगा मला आवडला आहे. माझ्यापुढे बसून त्याने पुलाचे खांब पाण्यात कसे उभे करतात ते कपबशा मांडून समजावलं, आणि नंतर कपबशा विसळून ठेवल्या. अशा माणसाबद्दल माझी काय तक्रार असणार.

वय झालं की आवडी बदलतात. मला आता चिखल आवडतो असं समज.

सध्या जरा गडबडीत आहे. सविस्तर नंतर लिहीन.

आत्या


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

काल तुझं पत्र टेबलावर पडलं होतं. पूलवाल्यांना कागद दिसला की तो डोळ्यासमोर आडवा धरून बघायची खोड आहे. बघता बघता म्हणाले, "आत्या पट्टी धरून लिहितात का?"

मी म्हटलं, "छे. त्यांचं अक्षर कचेरीत नवीन लोकांना गिरवायला द्यायचे."

ते म्हणाले, "मग सगळ्या उकारांचे पाय कापलेले का आहेत?"

मी कागद हातात घेतला. खरंच, प्रत्येक ओळ खालून सपाट. पट्टीच्या कडेला पेन अडलं की जसं होतं तसं. आणि शेवटी एक ओळ दुसरीच्या पाठीवर चढलेली. मी जानेवारीचं पत्र काढलं. त्याच्यात तेच. मागच्या वर्षाच्या सुरुवातीची काढली, ती स्वच्छ.

मी तुझ्या वरच्या मजल्यावरच्या ताईला फोन केला. ती आधी माझ्या लग्नाच्या तयारीचंच विचारत राहिली. मग म्हणाली, "त्यांनाच विचार गं. मला शपथ घातलीय."

म्हणून विचारते. आत्या, तुला दिसतंय ना?

ठकू


२३ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

नाही. पुरतं नाही.

मागच्या उन्हाळ्यात सुरुवात झाली. पेपरातले मधले शब्द गळायला लागले. वाटलं, छपाई बिघडली. मग घड्याळाचे काटे गेले, आकडे तेवढे भोवतीने राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि चित्र काढून दाखवलं. मी म्हटलं, "डॉक्टर, चित्र कशाला काढताय?" बिचारे ओशाळले. दृष्टीचा मधला भाग गेला, तो परत येणार नाही. कडेचं मात्र राहील असं म्हणाले.

आंधळी झाले असं समजू नकोस. घरात फिरते, पायरी कळते, भांडं उतू जायला लागलं की कळतं. फक्त ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. तिथे एक ढग येतो, राखाडी, मऊ. ढगाच्या भोवती जग असतं. खिडकीकडे बघितलं की खिडकी जाते आणि भिंत उजळते. कपाटाकडे बघितलं की तुझ्या जुन्या खोलीचं दार हळूच कडेला येऊन उभं राहतं, कुणीतरी बाहेर येणार असल्यासारखं. पहिल्यांदा भीती वाटली. आता कधी कधी मी मुद्दाम त्या कपाटाकडे बघत बसते.

तुझे तुकडे एवढेसे. बघायला गेलं की नेमके ढगात जातात. रंग म्हणून धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी उरतं. म्हणून बोटांनी वाचले. तुझी पत्रं आणि मागचे आकडे ताईने वाचून दाखवले, रंग मात्र तिला विचारवला नाही. वेलीबद्दल लिहिलं ते शब्दन् शब्द खरं आहे. रंगाचं खोटं लिहिलं.

सांगितलं नाही कारण तू जायचं रद्द केलं असतंस. मी तुला वाढवलंय, तू काय करशील ते मला बघावं लागत नाही.

घराला रंग काढलेला नाही.

आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

जाड पेनाने, मोठ्या अक्षरात लिहितेय. वाचता येतंय का ते ताईच्या हातून कळव.

मी पूलवाल्यांना सांगितलं की त्यांनी एकट्याने पुढे जावं. लग्न नंतर करू, पूल झाल्यावर. ते "बरं" म्हणाले. मग बूट घालून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. पाय चिखलाने भरलेले. नदीपर्यंत चालत गेले असावेत. पुन्हा म्हणाले, "बरं. पण आत्यांना विचारलंस का?" मी म्हटलं, यात विचारायचं काय.

उस्तादांनी साध्या कापडावर वेलीचा कच्चा नमुना भरायला घेतला होता, त्यांनाही काम थांबवा म्हणून निरोप दिलाय. या महिन्याअखेरीस मी घरी येतेय. माझी खोली रिकामी कर.

ठकू


७ मार्च

ठकू,

तुझं पत्र ताईने वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा मला तू कुणी दुसरीच वाटलीस.

माझ्यासाठी थांबलीस तर काय होईल ते सांगते. रोज सकाळी तू मला चहा देशील आणि माझ्याकडे बघशील. मला तुझा चेहरा दिसणार नाही, एवढाच काय तो त्यात फायदा. संध्याकाळी तुझ्या पूलवाल्यांचं पत्र आलं की तू ते दुसऱ्या खोलीत जाऊन वाचशील. मला ऐकू चांगलं येतं.

मी शनिवारच्या बसने येतेय. ताई बसमध्ये बसवून देईल, तू उतरवून घे. उस्तादांना सांग चौकट सोडवू नका. तू रंग मला विचारला होतास. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आत्या


२२ मार्च

प्रिय आत्या,

तू परत गेलीस आणि हे घर उगाच मोठं झालंय. तू पोचल्याचा ताईचा फोन आला, जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी वखारीवर जे झालं त्यातलं अर्धंच तुला ठाऊक आहे. उरलेलं लिहिते. ताई, सावकाश वाच.

आपण आत गेलो तेव्हा भिंतीवर पाटी होती, कापडाला हात लावू नये. मी ती तुला वाचून दाखवली नाही. उस्ताद पुढे आले आणि तू म्हणालीस, "मला हात धुवायला पाणी द्या." ते समजले. त्यांनी स्वतः तांब्या आणला, पुसायला धुतलेला पंचा दिला. तू घड्याळ काढून माझ्याकडे दिलंस आणि चौकटीशी बसलीस. तू हात ठेवलास तेव्हा सगळ्या सुया थांबल्या. चिमण्या उडून गेल्यासारखी खोली गप्प झाली. तुझी बोटं वेलीवरून चालत होती आणि ओठ हलत होते, जुन्या गावांची नावं आठवावीत तसे. मग म्हणालीस, "ही नदी इथे वळते ते सुंदर आहे."

उस्ताद म्हणाले, "बाई, ती वेल आहे."

तू म्हणालीस, "असू दे. पाणी तिलाही लागतं."

सगळे हसले. तू ऐकलंस. पण वेल भरणारा जो म्हातारा माणूस तुझ्या समोर बसला होता, तो हसला नाही. तुझी बोटं पुढे सरकतील तशी तो आपली बोटं मागे घेत होता, वाट करून द्यावी तशी. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

मग रंग. तू म्हणालीस, "मी दाराकडे बघते. ठकू, तू खिडकीपाशी उभी राहा आणि कापड अंगावर धर. एवढासा तुकडा नको, अख्खा पन्हा." उस्ताद एकेक कापड माझ्या खांद्यावरून सोडत होते. निळ्याला तू म्हणालीस, "तिथे कुणी नाही." हिरव्याला म्हणालीस, "झाड आहे का?" गुलाबी तुला दिसलाच नाही. माझा धीर सुटायला लागला होता. उस्ताद आतल्या खोलीत गेले आणि कुणीतरी न आवडून परत पाठवलेलं एक कापड घेऊन आले. धूळ झटकली आणि माझ्यावर टाकलं. निखाऱ्यावर राख चढायच्या आधी असतो तसा रंग, ते त्याला अंगारी म्हणतात.

तू थोडी पुढे झुकलीस. मग हळू आवाजात विचारलंस, "दिवा कुणी लावला?"

मी "मीच आहे" म्हणाले. तू म्हणालीस, "हलू नकोस." आणि किती तरी वेळ तशीच दाराकडे बघत राहिलीस. मी हळूच गिरकी घेतली तर तुझा चेहरा फुलला. माझ्याकडे न बघता फुललेला.

आणि आता गंमत. दारात पूलवाले उभे होते. आपल्याला न्यायला आले होते. तू एवढा वेळ थेट त्यांच्याकडेच टक लावून बघत होतीस आणि तुला ते दिसत नव्हते. ते मात्र हालले नाहीत. तपासणीला उभं राहावं तसे ताठ, हात बाजूला. नंतर मला म्हणाले, "एवढं नीट मला आजवर कुणी बघितलं नव्हतं."

घरी येताना रस्त्यात जे ठरलं ते मी मोडणार नाही. मी जाते. तू पांढरी काठी घ्यायची आणि ती वापरायला शिकवतात त्या वर्गाला जायचं, कंटाळा आला तरी. काठीची सवय झाली की तू तिकडे यायचं. यातलं एक जरी चुकलं तरी मी पहिल्या बोटीने परत येईन.

घेराच्या कळ्या, म्हणजे उभे पट्टे, कापून झाल्यात. वेल तोच म्हातारा भरणार आहे. त्याने मागून घेतलं.

तुझी,
ठकू


१९ जून

प्रिय ठकू,

हे पत्र मी सांगतेय आणि ताई लिहून घेतेय. शुद्धलेखन तिचं, आगाऊपणा माझा.

तुमचं पोचल्याचं पत्र मिळालं. तिकडच्या घराला दोन्हीकडे पाणी आहे आणि सकाळी भिंतींवर उजेड हलतो, हे वाचून बरं वाटलं. तो हलणारा उजेड मला दिसेल असं वाटतं.

लग्नाच्या दिवशी माझ्याबद्दल काय अफवा उठली ते तुला माहीत आहे का? मी मुद्दाम तुझ्याकडे पाठ फिरवून, खिडकीच्या पडद्याकडे तोंड करून बसले होते. म्हणजे तू कडेला यावीस. तर सासरकडच्या बायकांत झालं की आत्याबाई रुसल्या. एक काकू खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो, मुली जायच्याच. एकदा तरी वळून बघा तिच्याकडे." मी म्हटलं, "काकू, वळले तर दिसणार नाही." त्यांना वाटलं, माझे डोळे भरून आलेत. त्यांनी मला रुमाल दिला. आता परत कसा करू हा प्रश्न आहे.

पण मी बघितलं, ठकू. हॉलमध्ये सगळी माणसं राखाडी, पाण्याखाली असल्यासारखी. त्यातून तू आलीस. चेहरा नव्हता, हात नव्हते. एक तांबूस उजेड लोकांमधून वाट काढत येत होता. लोक बाजूला होत होते. जरीचा आवाज जवळ आला, वाळूवरून लाट परत जाते तसा, आणि तू माझ्या पायाशी बसलीस. घेर माझ्या पावलांवर आला. जड होता, उबदार होता. मी हात फिरवला तर ती नदी अगदी काठापर्यंत गेली होती. तू काही बोललीस, मी काही बोलले, आता आठवत नाही. झोपेत बोलल्यासारखं झालं.

तुम्ही गेल्यावर पहिला आठवडा वाईट गेला. हे लिही म्हणून ताईला सांगितलं, ती लिहीत नव्हती. कपाटाकडे बघायचं मी बंद केलं. दार कडेला आलं की वाटायचं आता कुणी बाहेर येणार नाही.

मग वर्गाला जायला लागले. आमच्या बाई कडक आहेत. काठी जमिनीवर आपटायची नाही, बोलू द्यायची, म्हणतात. आता मी कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत एकटी जाते. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने मला शिवी दिली. फार बरं वाटलं. बाकी सगळे हल्ली माझ्याशी हळू बोलतात.

आणि काल मी फोटो काढून आले. पासपोर्टसाठी. ताई बाहेर थांबली, मी एकटी आत गेले. फोटोवाला म्हणाला, "बाई, सरळ कॅमेऱ्यात बघा." मी बघितलं. कॅमेरा ढगात गेला, फोटोवाला गेला, त्याची दिव्यांची छत्री तेवढी बाजूला तरंगत राहिली. "हां, अस्संच. थोडं हसा," म्हणाला. मग समोर काहीच नसताना मी हसले, आणि त्याने बटण दाबलं.

ताई म्हणते, छान आलाय. तिच्यावर माझा विश्वास नाही, ती माझं मन राखते. एक प्रत सोबत पाठवते आहे. कशी आलेय ते तू बघून खरं खरं कळव.

तुझी,
आत्या